अर्ध्या दिवसाचं काम शोधणाऱ्या आई-बापांसाठी: बेळगाव सीमाभागातून वारंवार येणारे प्रश्न

वडगाव, शहापूर, अनगोळ, खानापूर, निपाणी आणि थेट चंदगडच्या वेशीपर्यंतच्या आई-वडिलांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथं एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत बाया जास्त आहेत, पण बापही आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढं अडचणीचे. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. अर्धवेळ काम म्हणजे नक्की किती तासांचं? कायद्यात तसं काही लिहिलंय का?

नाही. अर्धवेळ कामगाराची वेगळी व्याख्या आपल्या कामगार कायद्यांत नाही. पूर्ण वेळेची मर्यादा मात्र लिहिलेली आहे. कर्नाटकच्या १९६१ च्या दुकानं व व्यापारी आस्थापना कायद्यात ती दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास आहे. त्याहून कमी जे ठरेल ते अर्धवेळ. म्हणून ठरलेले तास कागदावर असणं फार महत्त्वाचं. याच कायद्यात कामावर घेतल्यापासून ३० दिवसांत नेमणूकपत्र द्यावं असंही कलम आहे. तुमच्या पत्रात 'सकाळी १० ते दुपारी ३' असं लिहिलेलं नसेल, तर उद्या मालकानं संध्याकाळी सातपर्यंत थांबवलं तरी तुमच्या हातात दाखवायला काही राहत नाही.

२. बेळगावात एवढे कारखाने, दुकानं, दवाखाने आहेत. मग चार-पाच तासांचं काम का मिळत नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि त्याला एकच कारण नाही.

उद्यमबाग आणि मच्छे इथली फौंड्रीची कामं घ्या. भट्टी एकदा पेटली की ओतकाम संपेपर्यंत सोडून जाता येत नाही. मशीन शॉपमध्ये शिफ्ट आठ तासांची असते, आणि हाती चार पैसे जास्त यावेत म्हणून कामगारच ओव्हरटाइम मागतो. हे सगळं ज्या माणसाचं पोर दुसरं कुणीतरी सांभाळतंय, त्याच्या मापानं बेतलेलं आहे.

बाजारपेठेची गोष्ट वेगळी. खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्लीतल्या दुकानांना जादा माणूस खरोखर लागतो, पण तो संध्याकाळी पाच ते नऊ. सकाळी अकराला गिऱ्हाईक नसतं, आणि तेव्हाच तुमचं पोर शाळेत असतं. पोर घरी येतं तेव्हा दुकानाला तुम्ही हव्या असता. लग्नसराईत आणि गणपती-दिवाळीच्या आधी हा ताण दुप्पट होतो.

तिसरं कारण हिशेबाचं. ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) दहा माणसांच्या आस्थापनेला लागू होतं, पीएफ (भविष्य निर्वाह निधी) वीस माणसांच्या. मोजताना डोकी मोजतात, तास नाही. एका पूर्णवेळ माणसाच्या जागी दोन अर्धवेळ बायका घेतल्या तर आकडा एकानं वाढतो. नऊवर थांबलेला मालक दहावं डोकं घेत नाही. हे उघड कुणी बोलत नाही, पण हिशेब लिहिणाऱ्या बायकांना माहीत असतं.

चौथं कारण घरातलं आहे. शहापूरच्या जुन्या वाड्यांत आजी, काकू, जाऊबाई असायच्या. आता थोरला दीर पुण्यात, धाकटा गोव्यात आणि सासू-सासरे गावाकडं शेतीत. खानापुरातली गावंच्या गावं अशी विरळ झाली आहेत. मुलाखतीत मात्र अजून विचारतात, "घरी सासू आहे न्हवं सांभाळायला?"

तरीही काम नाही असं मी म्हणणार नाही. अर्ध्या दिवसाचं काम इथं पुष्कळ आहे. पण ते मानधन, कमिशन, मजुरी, मदत अशा नावांनी दिलं जातं. नोकरी किंवा पगार हा शब्द तेवढा टाळतात, आणि त्या शब्दाबरोबर येणारे हक्कही टळतात. प्रश्न ३ आणि ५ म्हणूनच लागोपाठ वाचा.

३. शाळेच्या वेळेत खरोखर बसतील अशी कामं कुठली?

शाळेच्या घंटेबरोबर सुरू होऊन तिच्याबरोबर संपणारं काम म्हणजे सरकारी शाळेतलं दुपारच्या जेवणाचं, ज्याला सगळे 'बिसिऊट' म्हणतात. पोर त्याच शाळेत असेल तर दिवस सरळ लागतो. मोबदला मानधन म्हणून मिळतो आणि तो कष्टांच्या मानानं फार कमी आहे. दीडशे मुलांचा भात उपसणं हलकं काम नव्हे. तरीही या जागांसाठी रांग असते, आणि वेळ जुळणाऱ्या कामाची किती टंचाई आहे ते या रांगेवरून कळतं.

अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांची वेळही दिवसाची असते. सर्व्हे, लसीकरणाचे दिवस, बैठका, मोबाइलवरच्या नोंदी या सगळ्यांनी ती फुगते. आशाताईंचं काम कागदावर अर्धवेळ असतं, पण बाळंतपण रात्री दोनलाही येतं.

मराठी शाळांत शिक्षक कमी पडले की अतिथी शिक्षक घेतात. शिक्षणशास्त्राची पदवी किंवा पदविका असेल तर मे अखेरीस मुख्याध्यापकांना आणि गटशिक्षणाधिकारी कार्यालयात भेटून ठेवा. प्राथमिकला दिवसभर थांबावं लागतं. पदवी महाविद्यालयात मात्र तासांवर काम मिळू शकतं.

पिग्मी, म्हणजे दुकानादुकानांतून रोजची छोटी बचत, गोळा करण्याचं काम आपल्याकडं गल्लोगल्ली आहे. १९२८ साली सिंडिकेट बँकेनं उडुपीत सुरू केलेली ही पद्धत आज इथल्या सोसायट्यांचा कणा आहे. वेळ तुमच्या हातात असते, पण वसुली दुकानं उघडी असताना, म्हणजे बहुतेक संध्याकाळी. रक्कम अंगावर घेऊन फिरायचं असतं, हेही लक्षात ठेवा. पोस्टाच्या आवर्त ठेवीची महिला एजन्सी त्या मानानं सोयीची. तिला ४ टक्के कमिशन आहे आणि महिन्याकाठी ठरावीक घरंच फिरायची असतात.

वडगाव-शहापूरकडं मागाच्या कांड्या भरणं, निपाणीत विड्या वळणं, खानापूर-चंदगडकडं काजू सोलणं ही घरची किंवा घराजवळची कामं पिढ्यान् पिढ्या बायकांनी केली. त्यातल्या विड्यांबद्दल प्रश्न १२ मध्ये.

टिळकवाडीतले छोटे दवाखाने, मेडिकल दुकानं, चार्टर्ड अकाउंटंटांची ऑफिसं इथं पाच तासांचं काम विचारून मिळतं, जाहिरातीत दिसत नाही. जीएसटीचं रिटर्न भरायच्या दिवसांत, म्हणजे दर महिन्याच्या १० ते २० तारखेला, टॅली (संगणकावरचे हिशेब) येणारी बाई त्यांना हवीच असते. 'महिन्यातले दहा दिवस पूर्ण वेळ' असाही सौदा तिथं होतो. तो मला दररोजच्या अर्ध्या दिवसापेक्षा बरा वाटतो, कारण त्या दहा दिवसांपुरती शेजारणीची किंवा बहिणीची सोय लावता येते.

४. अर्धा दिवस म्हणजे अर्धा पगार धरायचा का?

किमान वेतन तासांच्या प्रमाणात उतरतं, पण त्या दराच्या खाली जाऊ शकत नाही. तुमच्या कामाला सरकारनं ठरवलेला महिन्याचा दर घ्या, २६ नं भागा, मग ८ नं भागा. तो तुमचा तासाचा तळ. त्यात महागाई भत्ता धरायला विसरू नका, तो दरवर्षी १ एप्रिलला बदलतो. घरकामही यात येतं. कर्नाटकानं २००४ सालीच घरकामाला किमान वेतनाच्या यादीत घेतलं आहे.

आपल्याकडं होतं ते असं: तास निम्मे होतात, पगार एक तृतीयांश होतो आणि काम तेवढंच राहतं. फक्त ते जेवायची सुट्टी न घेता उरकायचं असतं. मी स्वतः एका ठिकाणी दीड वर्ष असं बिलिंग केलं. तिथल्या पूर्णवेळ मुलीइतकीच बिलं माझ्या हातून व्हायची. म्हणून बोलणी करताना महिन्याचा आकडा सांगू नका, तासाचा सांगा. तासाचा दर समोर आला की दोघांनाही खरं काय ते दिसतं.

५. "हे मानधन आहे, कमिशन आहे, तुम्ही कामगार नाही," असं सांगतात. खरं आहे का?

सांगतात खरं, पण सर्वोच्च न्यायालयानं तीन वेगवेगळ्या कामांच्या बाबतीत हे ऐकून घेतलेलं नाही, आणि ती तिन्ही कामं आपल्या दारातली आहेत.

१९८५ मध्ये न्यायालयानं म्हटलं की घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा भविष्य निर्वाह निधीपुरती त्या कारखान्याची कामगारच आहे. २००१ मध्ये पिग्मी गोळा करणाऱ्यांना कामगार मानलं आणि त्यांच्या कमिशनवर ग्रॅच्युइटीसारखी (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी) रक्कम द्यायला सांगितली. २०२२ मध्ये अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांचं मानधन हे ग्रॅच्युइटी कायद्यापुरतं वेतनच ठरवलं.

म्हणजे कागदावर शब्द काय लिहिलाय एवढ्यावर भागत नाही. काम कोण सांगतं, कोण तपासतं, कोण काढून टाकू शकतं, हे पाहिलं जातं. हे निकाल बँकेच्या, कारखान्याच्या किंवा अंगणवाडीच्या बाबतीतले आहेत, त्यामुळं तुमच्या छोट्या सोसायटीला ते जसेच्या तसे लागतीलच असं नाही. पण बोलायला उभं राहण्यापुरती जमीन त्यांनी दिली आहे.

६. "पार्ट टाइमला पीएफ-ईएसआय नसतं," असं मालक म्हणतात.

चूक आहे. दोन्ही कायदे तास विचारत नाहीत. आस्थापना वीस माणसांची असेल आणि तुमचं मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपयांपर्यंत असेल तर पीएफ कापलाच पाहिजे. दहा माणसांची असेल आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय. त्यात तुमचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के. दिवसाची सरासरी मजुरी १७६ रुपयांच्या आत असेल तर तुमचा वाटाही माफ, मालकाचा तेवढा चालू.

दोन ठिकाणी अर्धा-अर्धा वेळ करत असाल तर दोन्हीकडं तोच यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा) नंबर द्या. नवीन काढू देऊ नका, पुढं पैसे काढताना महिनोन् महिने हेलपाटे पडतात.

ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांची सरकारी नोंद) पीएफ-ईएसआय असलेल्यांसाठी नाही. ज्यांना यातलं काहीच नाही अशा १६ ते ५९ वयाच्या कामगारांनी ते काढावं.

७. पाच तासांच्या कामावर बाळंतपणाची पगारी रजा मिळते?

मिळते. दहा किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी, बाळंतपणाच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की पुरे. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, त्यापुढं १२. रोजंदारीवरच्या बायकांनाही हा लाभ द्यावा असं सर्वोच्च न्यायालयानं २००० साली सांगितलं आहे. ईएसआय असेल तर पैसे मालकाऐवजी ईएसआयकडून येतात.

८० दिवस मोजताना तुमचा अर्धा दिवसही दिवसच. हजेरीपत्रकाचा फोटो दर महिन्याला काढून ठेवा.

८. पाळणाघर कोण देतं?

५० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाऊ द्यायचं, ही २०१७ ची दुरुस्ती आहे. आपल्याकडं पन्नासाचा आकडा गाठणाऱ्या जागा मोजक्या. पण दोन-चार कारखान्यांनी मिळून एक पाळणाघर चालवायलाही कायद्याची ना नाही. उद्यमबागेसारख्या एकमेकांना खेटून असलेल्या वसाहतीत हे का होऊ नये, हे मला आजवर कळलेलं नाही.

खेड्यात असाल तर ग्रामपंचायतीत 'कूसिन मने' आहे का ते विचारा. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी कर्नाटक सरकारनं काढलेली ही पाळणाघरं मुळात रोजगार हमीवर जाणाऱ्या आयांसाठी आहेत. तीन वर्षांपुढं अंगणवाडी.

शहरात गल्लीतली एखादी मावशी चार मुलं सांभाळते, तेवढीच सोय. तिलाही कुणीतरी पूर्ण पैसे द्यायला हवेत, हे आपणच विसरतो.

९. कन्नड येत नाही. नोकरी मिळेल का? आणि तक्रार मराठीत करता येते का?

खासगी नोकरीला कन्नडची कायदेशीर अट नाही. काउंटरवर बसायचं असेल तर कामापुरतं कन्नड लागतं, आणि मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही बोलणारी बाई मालकाला हवी असते. ती तुमची जमेची बाजू आहे, पगार ठरवताना सांगा. लिहायला-वाचायला शिकायचं असेल तर मुलाचं कन्नडचं पुस्तक घेऊन त्याच्याबरोबरच बसा. वडगावात अशा आया मी पाहिल्या आहेत, आणि पोरांनाही आईला शिकवायला आवडतं.

तक्रारीचं म्हणाल तर राज्यघटनेचं कलम ३५० स्पष्ट आहे. राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याकडं गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. कामगार खात्यात मराठीत लिहिलेला अर्ज "चालत नाही" म्हणून परत केला तर हे कलम अर्जाच्या वर लिहून पुन्हा द्या आणि पोच घ्या. उत्तर कन्नडमध्ये येईल, ते वाचून देणारं माणूस आधीच पाहून ठेवा.

१०. नोकरी धरली तर गृहलक्ष्मीचे २००० रुपये बंद होतील?

गृहलक्ष्मी म्हणजे कर्नाटक सरकार घरच्या कर्त्या बाईला दरमहा देतं ती रक्कम. पगार मिळतो एवढ्यावरून ती बंद होत नाही. तुम्ही किंवा तुमचे पती आयकर भरत असाल, किंवा जीएसटी रिटर्न भरत असाल, तर मात्र लाभ मिळत नाही. पाच-सात हजारांच्या अर्धवेळ कामानं आयकर लागत नाही. या भीतीनं काही जणी ईएसआय नको म्हणतात, रोखीत पगार मागतात. कृपा करून तसं करू नका. ईएसआय नोंदीचा गृहलक्ष्मीशी संबंध नाही. जीएसटीची गोष्ट वेगळी आहे, ती प्रश्न १३ मध्ये.

११. राहते बेळगावात, काम मिळतंय शिनोळीत (किंवा निपाणीहून कागलमध्ये). कुठला कायदा, कुठली सवलत?

कामाची जागा ज्या राज्यात, त्या राज्याचं किमान वेतन आणि दुकान कायदा. म्हणजे शिनोळी आणि कागलला महाराष्ट्राचा. पीएफ आणि ईएसआय केंद्राचे, त्यामुळं हद्द ओलांडल्यानं काही बुडत नाही. ईएसआयचा दवाखाना राहत्या ठिकाणचा, म्हणजे बेळगावातला निवडता येतो. नोंदणी करताना हे सांगा.

प्रवासाचं गणित मात्र दोन तुकड्यांत मोडतं. ११ जून २०२३ पासूनची शक्ती योजना, म्हणजे सरकारी बसमध्ये बायकांना शून्य तिकीट, कर्नाटकाच्या हद्दीतल्या प्रवासासाठी, कर्नाटकाचा रहिवासी पुरावा असलेल्या बायकांना. महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट, तेही त्यांच्या हद्दीत. माहेर बेळगाव आणि सासर चंदगड असलेल्या एका वहिनींचं आधार सासरच्या पत्त्यावर गेलं आणि शून्य तिकीट बंद झालं. महिन्याचा खर्च काढताना हे धरा.

सगळ्यात मोठा पेच शाळेच्या सुट्ट्यांचा. कर्नाटकातल्या शाळा मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला उघडतात, महाराष्ट्रातल्या जूनच्या मध्यावर. आपल्याकडं मोठी सुट्टी दसऱ्याला, तिकडं दिवाळीला. तुमचं पोर दसऱ्यात पंधरा-वीस दिवस घरी असतं, तेव्हा तिकडचा कारखाना जोरात चालू असतो. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाला, इकडं शाळा बंद, तिकडं कामाचा दिवस. सीमेवर काही पेटलं की बसगाड्या थांबतात, डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबल्याच होत्या. कामाला लागतानाच सुपरवायझरशी बोलून ठेवा: दसऱ्याच्या आठवड्यात कमी तास, बस बंदच्या दिवशी खाडा न धरता बदली दिवस. आधी बोललेलं बहुतेक जण मानतात. आयत्या वेळी सांगितलं की बहाणा वाटतो.

आणखी एक विचारणा येते: महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत आपल्याला अर्ज करता येतो का? महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांपैकी एखाद्या गावात १५ वर्षं वास्तव्य असलेल्या मराठी भाषकांना येतो, विहित नमुन्यातला दाखला लागतो. पण त्या नोकऱ्या पूर्ण वेळेच्या आहेत.

१२. निपाणीत घरी विड्या वळते. हे अर्धवेळ काम धरायचं का? हक्क काय?

धरायचंच. विडी कामगारांसाठी १९६६ सालीच देशात वेगळा कायदा झाला, आणि घरखातं म्हणजे घरी वळणाऱ्या बायका त्यातच धरल्या होत्या. मजुरी १००० विड्यांवर ठरते. पीएफबद्दलचा निकाल प्रश्न ५ मध्ये दिला आहे.

अडचण नोंदीची असते. ठेकेदार पानं आणि तंबाखू देतो, विड्या घेतो, छाट म्हणून काही बाजूला काढतो आणि त्याचे पैसे कापतो. वहीत किती दिल्या, किती छाटल्या, किती पैसे मिळाले हे तारखेसह लिहा. सुनेच्या नावावर सासूच्या विड्या लिहिल्या जातात. असं होऊ देऊ नका. दोघींची वही वेगळी हवी, नाहीतर म्हातारपणी एकीच्या नावावर एक दिवसही दिसत नाही.

घरी काम म्हणजे मूल डोळ्यांसमोर, ही त्यातली ओढ मला समजते. पण सूप मांडीवर आणि बाळ शेजारी, असं होतं. तंबाखूची धूळ बाळाच्या श्वासात जाते. निदान तंबाखू चाळण्याचं काम बाळ दुसऱ्या खोलीत असतानाच करा.

१३. घरी चकली, लाडू, मसाले करून विकते. कोल्हापूर-चंदगडहून मागणी येते. काही परवाना लागतो?

खाण्याच्या पदार्थांना एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची साधी नोंदणी लागते. १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला वर्षाचे १०० रुपये.

खरी मेख जीएसटीत आहे. कर्नाटकातल्या कर्नाटकात माल विकलात तर वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणीची गरज नाही. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवलात की रक्कम कितीही लहान असो, नोंदणी लागते. वीस किलोमीटरवरचं शिनोळी हे कायद्याला दुसरं राज्य आहे. आणि जीएसटी रिटर्न भरू लागलात की गृहलक्ष्मी जाते (प्रश्न १०). महिना दोन-तीन हजारांच्या चकलीसाठी हा व्यवहार परवडत नाही.

तीन वाटा आहेत. पापडावर जीएसटी नाही, त्यामुळं फक्त पापड विकणारीला ही अडचण येत नाही. हस्तकलेच्या काही वस्तूंना सवलत आहे, ती आधी सल्लागाराला विचारून घ्या. तिसरी वाट म्हणजे चंदगडच्या गिऱ्हाइकाला बेळगावच्या शुक्रवारच्या किंवा शनिवारच्या बाजारी येऊन माल नेऊ द्यायचा. तुमच्या दारात, रोखीनं झालेली विक्री कर्नाटकातली धरतात.

१४. मोबाइलवर "घरबसल्या रोज २ तास, महिना १८,०००" असं येतं. खरं असतं का?

आधी पैसे मागितले तर नाही. पेन्सिल पॅकिंग, डेटा एंट्री, व्हिडिओला लाइक करणं ही याची नेहमीची रूपं. डेटा एंट्रीत शेवटी "चुका झाल्या, दंड भरा, नाहीतर नोटीस येईल" अशी धमकी देतात. ती नोटीस बनावट असते, घाबरून पैसे भरू नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत केलेला फोन रक्कम अडवू शकतो. नवऱ्याला कसं सांगू म्हणून दोन-दोन दिवस थांबलेल्या मैत्रिणी मी पाहिल्या आहेत, आणि तेवढ्यात पैसे चार खात्यांतून फिरून गेलेले असतात.

१५. मी बाप आहे. बायकोची नोकरी माझ्यापेक्षा बरी आहे. मी कमी तास मागितले तर हसतात.

हसू द्या. दुकानाचा, किमान वेतनाचा, पीएफचा कायदा पुरुष-बाई असा भेद करत नाही, वरची सगळी उत्तरं तुम्हालाही लागू आहेत. बाळंतपणाची रजा तेवढी नाही. खासगी नोकरीत बापाच्या रजेला कायद्याचा आधार नाही, मालकाच्या मनावर आहे.

काही घरांनी काढलेली तोड अशी: बाईचं काम सकाळी आणि नवरा कायमच्या दुसऱ्या पाळीत, म्हणजे दुपारी तीनपुढं. दुसरी पाळी कुणाला नको असते, त्यामुळं सुपरवायझर आनंदानं देतो. पण दोघांची भेट रविवारीच होते, आणि दोन वर्षं असं काढलेली जोडपी थकलेली दिसतात. कायमचा तोडगा म्हणून मी हे सुचवणार नाही, मूल शाळेत रुळेपर्यंत चालेल.

१६. पूर्ण वेळ काम करतेय, पण तास कमी करून हवेत. मालकाकडं कसं मागू?

तसं मागण्याचा हक्क कायद्यानं दिलेला नाही, म्हणून पटवून द्यावं लागतं. आठ दिवस स्वतःच्या कामाची वही ठेवा: कुठल्या तासाला काय केलं. बहुतेकींना दिसतं की खरं काम साडेपाच-सहा तासांचं आहे, बाकी वेळ वाट पाहण्यात जातो. मग अर्ज द्या, साधा:

"माझ्याकडील बिलिंग, स्टॉक नोंद व बँकेची कामे मी सकाळी १० ते दुपारी ३.३० या वेळेत पूर्ण करू शकते. तीन महिने या वेळेत काम करून पाहण्याची परवानगी द्यावी. वेतन तासांच्या प्रमाणात घ्यायला माझी तयारी आहे. पीएफ व ईएसआय पूर्वीप्रमाणे चालू राहावे."

शेवटचं वाक्य गाळू नका. राजीनामा देऊन 'नव्यानं लागा' असं सांगितलं तर तेही करू नका, जुनी सेवा तुटते आणि ग्रॅच्युइटीची वर्षं पहिल्यापासून मोजली जातात.

१७. पूर्ण दिवसाला बोलावलं, दुपारी वीज गेली म्हणून घरी पाठवलं आणि अर्धा रोज दिला. बरोबर आहे?

नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात हे होतं, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे: रोजावरचा माणूस काम करायला तयार असताना मालकाकडं काम नसलं, तर त्या दिवसाची पूर्ण मजुरी द्यायची. सूत संपलं, मशीन बिघडलं, वीज गेली, काहीही असो. तुम्ही स्वतः मुलाला आणायला म्हणून लवकर गेलात तर मात्र हा नियम लागत नाही. अर्ध्या दिवसालाच ठरवून घेतलं असेल तर प्रश्न ४ चा हिशेब.

अशा दिवशी निघताना हजेरीवर वेळ आणि कारण लिहून घ्या. मुकादम लिहून देत नसेल तर बरोबरच्या बायकांच्या ग्रुपवर तिथूनच मेसेज टाका: आज १ वाजता वीज गेली, सगळ्यांना घरी पाठवलं. त्यावर तारीख आणि वेळ आपोआप पडते.